आवरतं घ्या

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात गेली सहा वर्षं माझ्याकडे एकच खातं आहे. घड्याळ. विंगेत उभं राहायचं आणि हातात तीन पुठ्ठे ठेवायचे. हिरवा म्हणजे दोन मिनिटं उरली, पिवळा म्हणजे एक, लाल म्हणजे उतरा खाली. शाळेचं सभागृह आम्हाला रात्री नऊपर्यंत मिळतं. नऊच्या पुढे गेलं की जादा तासाचे पैसे, शिवाय शाळेचा कस्टोडियन दारात उभा राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवत राहतो तो वेगळाच. त्यामुळे छोट्यांचा नाच असो की नाट्यछटा, माझा पुठ्ठा सगळ्यांना दिसतो. (अध्यक्षांना लाल रंग दिसत नाही. दर दोन वर्षांनी अध्यक्ष बदलतात, पण हा दोष खुर्चीबरोबर येतो.) मागच्या वर्षी कार्यक्रम नेहमीप्रमाणे पंचवीस मिनिटं मागे पडला होता आणि यादीत शेवटचं नाव एका सोळा वर्षांच्या मुलाचं होतं. हा मुलगा तीन वर्षं मंडळात राबतोय. सकाळी आठला येऊन खुर्च्या मांडतो, माईकच्या वायरींवर चिकटपट्टी मारतो, दुपारी मसालेभाताचे ट्रे पळवतो, आणि रात्री आम्ही मोठी माणसं पार्किंगमध्ये 'चला, निघतो' म्हणत अर्धा तास उभी असतो तेव्हा हा खुर्च्या मिटून व्हॅनमध्ये भरत असतो. तीन वर्षांत त्याने एकदाच काही मागितलं. काका, मला आजोबांनी शिकवलेला एक अभंग म्हणायचाय.

तो पेटी घेऊन बसला तेव्हा आठ एकतीस झाले होते. आकडा माझ्या लक्षात आहे, कारण माझं कामच ते. समोर निम्मं सभागृह उठलेलं, आरतीची ताटं स्टेजच्या डाव्या बाजूला पेटवून तयार, पोरं मोदकांच्या टेबलाभोवती. त्याने पट्टी धरली पांढरी एक, आणि आवाज लावला तो थेट खर्जात. मी जरा चपापलोच. या वयाच्या मुलाच्या अंगात एवढा खालचा आवाज कुठे मावतो, असं वाटलं. ध्रुपद झालं, पहिलं कडवं झालं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. आणि मी हिरवा नाही, पिवळा नाही, एकदम लालच वर केला. त्याने पाहिलं. गडबडला नाही. ओळ अर्धवट तोडली नाही. ध्रुपदावर आला, समेवर थांबला, पेटीचा भाता लावला, नमस्कार केला. माझ्याशेजारून उतरताना एवढंच म्हणाला, "काका, अजून पाच मिनिटं असती ना, तर झालं असतं पूर्ण." रागाने नाही, बस चुकल्यावर माणूस सांगतो तसं. मग आरतीला टाळ्या वाजवल्या आणि खुर्च्या मिटायला गेला.

घरी जाताना गाडीत बायको म्हणाली, "आरती संपली तेव्हा नऊला आठ कमी होते."

ते आठ तेव्हापासून माझ्या डोक्यात आहेत. मी स्वतःला बरीच कारणं दिली. आरती लांबते, लोक प्रसादाला झुंबड करतात, उशीर झाला की भुर्दंड मंडळाला. सगळी खरी. पण पुठ्ठे तीन आहेत आणि मी दोन गाळले, हेही खरं. दुसरं कुणी असतं, म्हणजे एखाद्या देणगीदाराची सून असती, तर मी निदान पिवळा दाखवला असता. तो खुर्च्या उचलणारा मुलगा होता. खुर्च्या उचलणाऱ्याला आपण 'आपला' म्हणतो आणि आपल्या माणसाला थांबवायला काही वाटत नाही.

मी राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहराच्या पश्चिमेला, जिथे आता दर तिसऱ्या घराबाहेर दिवाळीत आकाशकंदील दिसतो. पण या देशात आलो तेव्हा आमचं पहिलं घर गार्नरमध्ये होतं. रॅलेच्या दक्षिणेला हायवे ७० च्या दोन्ही अंगांनी पसरलेलं गाव. भाडं कमी म्हणून तिथे राहिलो, एवढाच आमचा त्या गावाशी संबंध. उन्हाळ्यात दमट हवा, पाइनच्या झाडांचा तो पिवळा पराग गाडीवर हळदीसारखा बसलेला, रविवारी सकाळी चर्चबाहेर पिकअप ट्रकांची रांग. आणि तिथलं बार्बेक्यू. व्हिनेगरमध्ये भिजलेलं, नाकात झणझणणारं. मी शाकाहारी, तरी तो वास मला आजही गार्नरचा वाटतो. ऑफिसात कुणी विचारलं, कुठे राहतोस, की मी 'रॅलेजवळ' म्हणायचो. कोरेगाव तालुक्यातल्या माणसाने पुण्यात 'साताऱ्याजवळ' म्हणावं तसं.

त्या गावात एक सॉसेजसारख्या मांसाच्या कांड्या बनवणारा कारखाना होता, कोनॅग्रा नावाच्या कंपनीचा. स्लिम जिम नावाची ती कांडी पेट्रोल पंपावर गल्ल्याशेजारी ठेवलेली असते. ९ जून २००९ ला तिथे स्फोट झाला. गॅसच्या नव्या पाइपातली हवा बाहेर काढायची म्हणून गॅस आतल्या आत सोडला जात होता, तो साठला आणि भडकला. छप्पर कोसळलं, माणसं गेली, कित्येकजण भाजले. कंपनीने मग काम दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं आणि २०११ च्या मे महिन्यात गार्नरचा कारखाना कायमचा बंद झाला. आमच्या अपार्टमेंटमध्ये खाली राहणारा माणूस तिथे होता. सकाळी साडेपाचला त्याच्या ट्रकचा आवाज यायचा. एक दिवस यायचा थांबला. कऱ्हाड-सांगलीकडच्या ज्यांनी कारखाना बंद पडताना पाहिलाय, त्यांना अशा गावात सकाळ कशी शांत होते हे वेगळं सांगायला नको.

आणि त्याच मे महिन्यात, त्याच गावातला एक सतरा वर्षांचा पोरगा अख्ख्या अमेरिकेच्या टीव्हीवर होता.

स्कॉटी मक्रीरी. गार्नरच्या शाळेत शिकणारा, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, गावातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये गाणारा, शाळेच्या गायनवृंदातला, आणि उरलेल्या वेळात गावच्या किराणा दुकानात, लोज फूड्समध्ये, गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणारा. आजी पोर्तो रिकोची, लहानपणी नाद एल्व्हिसची नक्कल करायचा. 'अमेरिकन आयडॉल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या दहाव्या पर्वात तो उतरला ते जॉश टर्नर या कंट्री गायकाचं एक गाणं घेऊन, आणि तोंड उघडल्यावर परीक्षकांच्या चेहऱ्यावर जे आलं तेच मागच्या वर्षी विंगेत माझ्या चेहऱ्यावर आलं असणार. ओठांवर धड मिसरूड नाही आणि आवाज विहिरीच्या तळातून. माझी बायको आजही छातीठोकपणे सांगते की आमचं दूध आणि कोथिंबीर त्यानेच पिशवीत भरली होती. मी ते मानत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात गार्नरमधल्या प्रत्येकाचं दूध त्यानेच भरलेलं होतं.

तो गायचा ते कंट्री म्युझिक, म्हणजे इथल्या खेड्यापाड्यांतलं गाणं, मला तेव्हा आवडत नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. तेच ट्रक, तीच नदीकाठची वाट, तोच आजोबांचा कुत्रा. पण कानाला एक गोष्ट पहिल्यापासून लागली होती. आमच्याकडे गाणारा कसा, तर वरचा. काळी चार, काळी पाच. वारकरी भजनात जो सगळ्यांच्या डोक्यावरून आवाज फेकेल, मृदंगाच्या वर चढेल, त्याला गाव मानतं. खर्जातल्या माणसाला फार तर मागे टाळ देतात. इथे उलटं. हे लोक खाली उतरणाऱ्या आवाजावर जीव टाकतात. जणू माणूस जितका खालून बोलेल तितकं खरं बोलेल. रॅंडी ट्रॅव्हिस हा या खर्जातल्या गाण्यांचा मोठा माणूस, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच, मार्शव्हिल नावाच्या खेड्यातला. शिवाय बॅंजोला आजचा हात दिला तो अर्ल स्क्रग्ज याच राज्यातला, आंधळा डॉक वॉटसन इथल्याच डोंगरातला. म्हणजे पोरगा काही आभाळातून पडला नव्हता. त्याच्यामागे मोठं भजनी मंडळ होतं.

आयडॉलमध्ये तो माईक आडवा धरायचा. दोन्ही हातांनी, ओठांशी तिरपा, बासरी धरावी तसा. लोकांनी त्याची भरपूर टर उडवली. माझ्या आईला मी फोनवरून त्या कार्यक्रमाबद्दल सांगत होतो, नंतर भावाने तिला व्हिडिओ दाखवला, तर ती म्हणाली, "कृष्णासारखा धरतोय की." तिला गाणं कळलं नाही, पण मुलगा कळला.

मला त्या सगळ्या पर्वातली दोनच दृश्यं नीट आठवतात. एक जिंकल्याचं, कारण ते न आठवून चालणारच नाही. २५ मे ला निकाल लागला तेव्हा १२ कोटींच्या वर मतं पडली होती आणि तो आईला मिठी मारून उभा होता. दुसरं दृश्य त्याच्या खूप आधीचं, हॉलिवूडच्या फेरीतलं. तिथे स्पर्धकांना आपापले गट करून रात्रभर तालीम करायची असते. स्कॉटीच्या गटातून एका पंधरा वर्षांच्या पोराला काढून टाकलं. काढलं दुसऱ्या कुणी, स्कॉटी तिथे गप्प होता. त्या पोराचा चेहरा कॅमेऱ्याने सोडला नाही, टीव्हीवाले कशाला सोडतील. दुसऱ्या दिवशी गटाचं गाणं झालं, आणि त्यानंतर परीक्षकांसमोर उभा असताना स्कॉटी रडायला लागला. मी त्याच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, राहिलो नाही, असं म्हणाला. तेव्हा मला ते जरा नाटकी वाटलं होतं. आता वाटत नाही. त्याला एक रात्र लागली. मला वर्ष होत आलं, आणि मी अजून त्या मुलाला काही बोललेलो नाही.

१४ मे ला, निकालाच्या आधी, शेवटच्या तिघांना आपापल्या गावी पाठवतात तसं त्याला गार्नरला आणलं. लेक बेन्सन पार्कात कार्यक्रम. गावाची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास आणि पार्कात लोटली अंदाजे तीस हजार माणसं. आम्ही गाडी कुठेतरी चर्चच्या हिरवळीवर सोडून चालत गेलो. लोकांनी खांद्यावर घडीच्या खुर्च्या टाकलेल्या, बर्फाचे डबे, लहान पोरांच्या गालावर मार्करने लिहिलेलं नाव. यात्रेला निघाल्यासारखी माणसं. आम्हाला स्टेज दिसलं ते अंगठ्याएवढं. पण आवाज आला. मुळात आवाजच तसा होता, लांबवर जमिनीवरून सरपटत येणारा. माझ्या शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचा तो माणूस उभा होता, पुढच्याच आठवड्यात ज्याचा कारखाना बंद व्हायचा होता. हातात अर्धा लिटर गोड चहा, आईस टी. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझी मुलगी त्याच्याबरोबर चर्चमध्ये गायची." आणि पुन्हा गप्प. मला कळेना यावर काय म्हणावं. छान, म्हणालो.

त्याच्या त्या वाक्यात अभिमान होता हे तर उघडच आहे. पण दुसरंही काहीतरी होतं आणि ते मला आता कळल्यासारखं वाटतं. गावाला एक गाणारा टीव्हीने परत दिला होता. त्याआधी तो कुणाचा होता? चर्चमध्ये ऐकणाऱ्या शे-दोनशे माणसांचा. तीस हजार आली ती नंतर. या तीस हजारांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण त्यांच्यात मीही होतो आणि मला खालच्या आणि वरच्या सुरातला फरक सोडला तर काही कळत नव्हतं. माझा विश्वास त्या शे-दोनशेंवर आहे. आठ-दहा वर्षांचं पोर गिटार घेऊन चाचपडतंय, सूर सुटतोय, शब्द विसरतोय, आणि समोर बसलेल्या एखाद्या आजीने हातातली पिशवी खाली ठेवलीय. कुणी घड्याळ दाखवलं नाही. गावाने पोराला काय दिलं असं कुणी मला विचारलं, तर मी हे सांगेन, की त्यांनी त्याला गाणं पूर्ण करू दिलं.

इथे मला अण्णा आठवतात.

आमच्या गावात अण्णांची पिठाची गिरणी होती. पापण्यांवर कायम पिठाची पांढरी कड, कानाच्या पाळीत पीठ, आणि गिरणीचा पट्टा फटफटत असताना त्याच्यावर ताण करून गायची सवय लागल्यामुळे आवाज असा, की हरिनाम सप्ताहात देवळाचा कर्णा बंद पडला तरी वेशीपर्यंत ऐकू जायचा. पहाटेचा काकडा अण्णांचा, संध्याकाळच्या हरिपाठातला पहिला सूर अण्णांचा. गवळण म्हणायला लागले की डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची तर्जनी आपोआप वर जायची. काल्याच्या आदल्या दिवशी रात्री पंगतीच्या आधी त्यांचं भजन असायचं. तिकडे मंडपामागे चुलवणावर आमटीची काहील, तिचा वास देवळात येतोय, वाढपी पत्रावळी मांडून खोळंबलेत, बाहेरगावची मंडळी पाय चाळवतायत. दर वर्षी त्या वेळी कुणीतरी पुढे वाकून म्हणायचं, "अण्णा, आवरतं घ्या." अण्णा डोळे उघडायचे, हसायचे आणि दोन ओळी गाळून शेवटाला यायचे. वाईट वाटलं असं कधी दाखवलं नाही. नंतर तेच पंगतीत बुंदी वाढायला उभे.

'आवरतं घ्या' हा शब्द मराठी समाजाने फार प्रेमाने सांभाळलाय. व्याख्यानात वक्त्यापुढे त्याची चिठ्ठी सरकवतात. लग्नात भटजींना सांगतात. म्हाताऱ्या माणसाने जुनी गोष्ट सुरू केली की नातवंडं डोळ्यांनी सांगतात. त्यात उर्मटपणा नसतो, वेळेची काळजी असते, आमटी निवण्याची काळजी असते. म्हणूनच त्यावर रागावता येत नाही.

अण्णा २००६ साली गेले. दिंडी काढून नेलं, गाव लोटलं. काय गळा होता, काय गळा होता. तेराव्याला कुणाच्या तरी लक्षात आलं, की एवढ्या गळ्याचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. मग माझ्या चुलतभावाने माळ्यावरून एक कॅसेट काढली, नव्वदच्या दशकातली, कुणाच्या तरी लग्नाची गाणी वरून भरलेली. मध्ये दीड मिनिट अण्णांची गवळण वाचली आहे. टाळांचा गदारोळ, मागे एक पोर रडतंय, आणि अण्णा वर चढत चाललेत. मग अगदी माईकजवळून एक आवाज येतो. अण्णा, आवरतं घ्या आता. खट्. पुढे लग्नाची सनई.

तो आवाज माझ्या वडिलांचा आहे. सप्ताहाच्या पंगतीचा हिशेब त्यांच्याकडे असायचा.

स्कॉटीचं पुढे काय झालं हे मी फार मन लावून पाहिलं नाही. आम्ही गार्नर सोडून पश्चिमेला आलो, मंडळात शिरलो, मुलगी झाली. २०११ च्याच ऑक्टोबरमध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या अल्बमच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर बसला, पहिल्या आठवड्यात १,९७,००० प्रती. अठरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. मी तो विकत घेतला, शेजारधर्म म्हणून. मला तो सपक वाटला. सगळं गुळगुळीत, कुणीतरी मोठ्या माणसाने पोराला कोट शिवून दिल्यासारखं. आवाज होता पण त्या आवाजाला सांगायला काही नव्हतं. सतरा वर्षांच्या माणसाकडे काय असणार? मग नाव कमी कमी ऐकू यायला लागलं. रेडिओवर नवी पोरं आली. २०१६ मध्ये त्याच्या रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडलं. हे मला खूप नंतर कळलं, पण कळलं तेव्हा एक क्षुद्र विचार येऊन गेलाच, की चला, आता पुन्हा पिशव्या भरायला. गावच्या यशस्वी पोराबद्दल असा विचार करणाऱ्यांत मी एकटा नसणार. तीस हजारांत असे बरेच होते.

झालं असं होतं, की २०१५ मध्ये त्याच्या आईचे वडील गेले. ग्रॅंडडॅडी बिल. ते गेल्यावर त्याने दोघांना बरोबर घेऊन एक गाणं लिहिलं, 'फाइव्ह मोअर मिनिट्स' नावाचं. ओढ्यावर खेळणारा पोरगा आईला आणखी पाच मिनिटं मागतो, मग शाळेतला शेवटचा सामना संपताना मागतो, मग आजोबांसाठी मागतो. बस, एवढंच. कंपनीने हात सोडला तेव्हा ते गाणं असंच पडून होतं. मात्र त्याने ते ग्रॅंड ओल ऑप्री या कंट्री गाण्यांच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर म्हटलं होतं, त्याची चित्रफीत इंटरनेटवर फिरली, आणि लोक विचारायला लागले की हे गाणं मिळतं कुठे. मग त्याने ते स्वतःच २०१७ मध्ये बाहेर काढलं. पाठीशी कंपनी नसताना ते रेडिओच्या यादीत शिरलं, पुढे एका छोट्या कंपनीने हात दिला आणि २०१८ मध्ये ते कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं आलं. आयडॉल जिंकून सात वर्षं होत आली होती आणि या यादीत पहिला क्रमांक त्याला तोवर मिळालेला नव्हता.

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते कारखान्याच्या जागेसमोर सिग्नलला थांबलो असताना. हे जुळवून सांगतोय असं वाटेल, पण आमच्या मंडळाचं स्टोरेज युनिट गार्नरमध्ये आहे. तिकडे भाडं कमी, हे अजून बदललेलं नाही. रस्त्याचं नाव जोन्स सॉसेज रोड. कारखाना पाडून तिथे ॲमेझॉनचं प्रचंड गोदाम उभं राहिलंय. तेव्हा मात्र नुसती मोकळी जागा आणि तारेचं कुंपण होतं. मखराचे थर्माकोलचे तुकडे मागच्या सीटवर, रेडिओ चालू, आणि तो खालचा आवाज. आधी ओळखला नाही, कारण आता तो भरला होता. कोट अंगाला बसला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये त्याला ऑप्रीचं सभासदत्व मिळालं. तो रेडिओवरचा कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. स्टेजच्या मध्यभागी जुन्या रायमन सभागृहातून कापून आणलेलं ओकच्या फळ्यांचं एक गोल वर्तुळ आहे, त्यात उभं राहून गायचं. आपल्याकडे पंढरपुरात नामदेव पायरीला जसे लोक वाकतात तसे हे गायक त्या वर्तुळाकडे बघतात. सभासद म्हणून त्याला आत घेणारा होता जॉश टर्नर, ज्याचं गाणं म्हणून तो आयडॉलमध्ये शिरला होता. रॅंडी ट्रॅव्हिसही हजर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्याचा आवाज गेलाय. त्याच्यासमोर, त्याच्याच राज्यातला, त्याच्याच पट्टीतला पोरगा. मी तो प्रसंग फोनवर पाहिला, एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून. आणि मला त्या पूर्ण वेळात स्कॉटीपेक्षा आमच्या खालच्या मजल्यावरच्या माणसाची मुलगीच आठवत राहिली. ती चर्चमध्ये कुठल्या पट्टीत गायची, तेही मी विचारलं नव्हतं.

यंदाच्या गणपतीची तयारी सुरू झाली तेव्हा मी कार्यक्रमाची यादी करणाऱ्या वहिनींना सांगितलं, की त्या मुलाला पहिल्या तासात टाका, आठ मिनिटं द्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो कुठे असणार? ऑगस्टमध्येच कॉलेजला जातोय ना, शार्लटला." मला माहीत नव्हतं. तीन वर्षं ज्याच्याकडून खुर्च्या उचलून घेतल्या, तो बारावीला आहे हेही माझ्या लक्षात नव्हतं.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मखराचं सामान तपासायला गार्नरला जायचं होतं. त्याच्या आईचा मेसेज आला, तो येईल तुमच्याबरोबर, घरी नुसता लोळतोय. आला. हाफ पॅंट, पायात स्लिपर, आणि आता माझ्याहून चार बोटं उंच. मागे पखवाज होता दुरुस्तीहून आणलेला, तो सीटवर गडगडू नये म्हणून त्याने मांडीवर घेतला. मी बोलायचं ठरवून निघालो होतो. सॉंडर्स स्ट्रीट गेली, हॅमंड रोड गेला. कॉलेजचं विचारलं, हॉस्टेलचं विचारलं, मेसमध्ये काय मिळतं ते विचारलं. तो सांगत होता. "आजोबा कसे आहेत?" मी विचारलं. "बरे आहेत. ऐकू कमी येतं आता. फोनवर मीच म्हणतो, ते नुसते टाळी धरतात." मग आम्ही दोघेही गप्प झालो. एसीचा आवाज, टायरचा आवाज.

थोड्या वेळाने त्याची बोटं पखवाजाच्या पुडीवर हलायला लागली. नखाने, हलकेच. आणि तो गुणगुणायला लागला, माझ्यासाठी नाही, खिडकीकडे तोंड करून. मला ध्रुपद ओळखू आलं. पहिलं कडवं त्याने म्हटलंच नाही, सरळ दुसऱ्यावर गेला, जे मागच्या वर्षी राहिलं होतं. खालचा षड्ज लागला तेव्हा माझ्या स्टिअरिंगला तो जाणवला, शपथ. हिरवी पाटी आली, जोन्स सॉसेज रोड, एक्झिट ३०३. मी उजव्या लेनमध्ये होतो. इंडिकेटरवर हात गेला होता. पाटी डोक्यावरून मागे गेली.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याने डोळे उघडले, बाहेर पाहिलं.

"काका, एक्झिट गेली."

"पुढची तीन मैलांवर आहे," मी म्हणालो. "चालू दे."